उत्तरेची पाख

माळ्यावर उजेड नाही, ही तक्रार अगदी अलीकडची आहे. कोकणातल्या कौलारू घरांच्या माळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या अंधार नांदत होता आणि त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. वर जायचं ते काम काढून. शिडी लावायची, एका हातात कंदील धरायचा, दुसरा हात वाशावर, मान आपसूक खाली. कारण माळ्यावर उंच माणूस आणि ठेंगणा माणूस यांच्यात फरक एवढाच, की उंच माणसाला आधी लागतं. हवी असलेली परात किंवा बियाण्याची मुडी चाचपून शोधायची, तिच्यासोबत नको असलेलं जळमट केसांत घेऊन खाली उतरायचं आणि पुढच्या सणापर्यंत माळा विसरून जायचा. नुसतं बसायला वर कुणी जात नसे. रुसलेली मुलं तेवढी जात. पण वरचा अंधार त्यांच्या रुसव्यापेक्षा वयानं पुष्कळच मोठा असल्यामुळं तीही दिवेलागणीच्या आत, कुणी समजूत काढलेली नसताना, निमूट खाली येत.

आता जुनी घरं पाडण्याऐवजी दुरुस्त करून घ्यायची चांगली बुद्धी काही घरांना होऊ लागली आहे. दुरुस्ती म्हटली की आर्किटेक्ट येतो. तो ओटीचं कौतुक करतो, माजघरातल्या खांबावर हात फिरवतो, पडवीचे फोटो काढतो आणि शेवटी माळ्यावर चढतो. वर गेल्यावर त्याच्या तोंडून जो उद्गार निघतो तो राजापूरपासून रोह्यापर्यंत एकच असतो : “अहो, इथं केवढी जागा आहे!” घरच्यांना ही जागा जन्मात दिसलेली नसते, कारण ती दिसायला लागणारा उजेडच तिथं नसतो. मग त्या जागेची स्वप्नं पडू लागतात. कुणाला तिथं पुस्तकांची खोली दिसते, कुणाला पाहुण्यांसाठी दोन खाटा, आणि पुण्याहून लॅपटॉप घेऊन येणाऱ्या पुतण्याला तर आढ्याखाली मांडलेलं टेबलच दिसतं. स्वप्न प्रत्येकाचं वेगळं, पण पहिलं वाक्य एकच : “वर उजेड आणला पाहिजे.”

आमच्या रत्नागिरीजवळच्या घरातही हे वाक्य उच्चारलं गेलं. मुंबईत १९९५ सालापासून वारसा इमारतींची रीतसर प्रतवारी आहे. पहिली श्रेणी, दुसरी ‘अ’, दुसरी ‘ब’, तिसरी. आमचं घर असल्या कुठल्याही यादीत नाही. त्याची श्रेणी गावानं ठरवलेली आहे आणि ती ‘मोठं घर’ अशी आहे. मग आत राहणारी माणसं कितीका कमी होत जाईनात. हल्ली तिथं कायमच्या राहतात त्या फक्त काकू. त्यांनी उजेडाचा प्रस्ताव ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, “बघायचंय काय तुम्हाला वर?”

प्रश्न साधा होता, पण सभा थोडा वेळ गप्प झाली. माळ्याचा खरा धंदाच न दिसण्याचा. ‘लागत नाही आणि टाकवत नाही’ अशा वस्तूंची एक जात प्रत्येक घरात असते. वारलेल्या माणसाची काठी, मोठ्या झालेल्या मुलाचा पाळणा, एक पाय निखळलेली आरामखुर्ची, ज्या लग्नात फार मानापमान झाले त्या लग्नातलं घंगाळ. हे सगळं वर जातं. टाकायचं की ठेवायचं, याचा निकाल देण्याऐवजी घर पुढची तारीख देतं, आणि माळा म्हणजे त्या सगळ्या तारखांची जागा. अंधार हा त्या व्यवस्थेतला सगळ्यात समंजस कारकून. तो कुठलाच कागद पुढं सरकवत नाही. तिथं उजेड आणायचा म्हणजे इतकी वर्षं तुंबलेले सगळे निकाल एका दुपारी लावायला बसायचं. काकूंना हे ठाऊक होतं. आर्किटेक्टला नव्हतं, ती मुलगी तिशीतली, हुशार, आणि तिच्या हातात लेझरनं अंतर मोजायचं यंत्र होतं.

तसं पाहिलं तर छपरातून उजेड आत घ्यायची विद्या आपल्याला नवी नाही. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना सानं असे. मातीच्या सपाट छतातलं ते भोक, ज्यातून खालच्या काळोखावर उन्हाचा एक तुकडा पडे आणि पावसाचा शिपका आला की ते झाकायला कुणीतरी माळवदावर धावे. देशावरच्या वाड्यांनी तर घराच्या मधोमध चौक सोडून अख्खं आभाळच आत घेतलं. कोकणात एवढ्या पावसात ही उधळपट्टी परवडण्यासारखी नव्हती. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा ठिकाणी छपराला भोक पाडा म्हणणाऱ्याला गावात मुलगी मिळाली नसती. तिथं उत्तर आलं ते काचेच्या कौलाचं.

काचेचं कौल ही फार सभ्य वस्तू आहे. मातीच्या कौलासारखाच साचा, तशाच खाचा, तशीच पाठीवर पन्हळ. फक्त आरपार दिसणारं. एक मातीचं कौल काढायचं आणि त्याच जागी हे सरकवायचं. वासा कापायचा नाही, रीप तोडायची नाही. उद्या नको वाटलं तर पुन्हा मातीचं बसवा, घराला कळणारही नाही. जुन्या वास्तू जपणाऱ्या पंडितांनी १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या बुर्रा नावाच्या गावी एक सनद केली आहे. बदल करायचा तर गरजेपुरता, शक्य तितका थोडा, आणि जमलं तर मागं घेता येईल असा, हे तिचं सार. आमच्याकडचे सुतार बुर्राला गेले नव्हते. पण घराला ज्या गोष्टीनं खिंडार पडेल ती करायची नाही, एवढं त्यांना बापजाद्यांकडून कळलेलं होतं.

फक्त हे काचेचं कौल बसायचं ते स्वयंपाकघरावर. तिथं वर माळा नसे, धूर निघून जायला छप्पर उघडंच ठेवलेलं असे. आणि त्या धुरात उन्हाचा एक तिरका खांब उभा राही. लहानपणी मला तो खांब कुणीतरी घरात आणून उभा केलेला वाटे, आणि मी त्याच्याभोवतीनं वळसा घालून जात असे. घरातल्या बायकांना त्याचं एवढं कौतुक नव्हतं. त्या त्याच्यावर वेळ बघत. ऊन उतरंडीवर चढलं की भाताचं आधण ठेवायचं, जात्याच्या खुंट्याला टेकलं की पानं घ्यायची. पुढं घरात भिंतीवर घड्याळ आलं, पण ते पुरुषांना लागे. माजघर, बाळंतिणीची खोली आणि माळा यांच्या वाट्याला मात्र काच आली नाही. जिथं काम, तिथं उजेड, असा जुना हिशेब होता. माळ्यावर काम नव्हतं.

लंडनमधल्या स्पिटलफील्ड्स भागात हाच हिशेब उलटा लागलेला दिसतो. फ्रान्समध्ये १६८५ साली नांतचा आदेश रद्द झाला, प्रोटेस्टंटांना राहणं कठीण झालं, आणि त्यांतले पुष्कळ रेशीम विणणारे तिथं येऊन स्थिरावले. त्यांचे माग घराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर असत, छपराला लागून, कारण रेशमाचा बारीक धागा दिसायला भरपूर उजेड लागतो. म्हणून त्या घरांच्या माळ्यांना रुंदच्या रुंद खिडक्या आहेत. गंमत अशी, की त्याच देशात १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या जास्त, तितका भरणा जास्त. लोकांनी कर वाचवायला चांगल्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. त्या बुजवलेल्या चौकटी जुन्या इंग्रजी घरांवर अजून दिसतात. उजेडावर पट्टी बसवणारं सरकार जगात होऊन गेलं, हे कळल्यावर आपल्याकडच्या घरपट्टीविषयी माझं मन पुष्कळ निवळलं.

युरोपातल्या त्या उतरत्या छपरांना दिवसाचा प्रकाश पुरवायचा मोठा धंदाच पुढं उभा राहिला. डेन्मार्कमधल्या व्हिलुम कान रासमुसेन नावाच्या इंजिनिअरनं १९४१ साली आपली कंपनी काढली आणि छपराच्या उतारात बसणारी, उघडता येणारी खिडकी घरोघर नेली. ‘व्हेलक्स’ हे तिचं नाव आज तिकडं आपल्याकडच्या ‘कॅडबरी’सारखं झालं आहे. पॅरिसच्या जस्ती पत्र्याच्या छपरांखालच्या खोल्या मोलकरणींसाठी होत्या. त्यांत नंतर विद्यार्थी आणि नवखे लेखक राहू लागले. ते पत्रे बसवणाऱ्या कारागिरांच्या कसबाला युनेस्कोनं २०२४ मध्ये वारशाच्या यादीत मानाची जागा दिली. तिकडं जुन्या इमारतीच्या छपरात खिडकी बसवायची तर ती मागच्या पाखेला, छपराच्या पातळीत, रस्त्यावरून दिसणार नाही अशी बसवावी असा आग्रह असतो. उजेड आत यावा, पण तो आला आहे हे शेजाऱ्याला कळू नये. ही तर निखळ मध्यमवर्गीय मर्यादा झाली.

आर्किटेक्ट मुलीनं एका संध्याकाळी ओटीवर आम्हाला लॅपटॉपवर छायाचित्रं दाखवली. त्यांत रोममधलं पँथिऑन होतं. एकोणीसशे वर्षांपूर्वीचं मंदिर, वर अर्धगोल घुमट आणि घुमटाच्या ऐन माथ्यावर आठ-नऊ मीटर रुंदीचं उघडं भोक. काच नाही, झाकण नाही. तिथून उन्हाचा एक मोठा गोळा आत येतो आणि दिवसभर भिंतींवरून फिरत राहतो. ती फार मनापासून सांगत होती. काकू सुपारी कातरत ऐकत होत्या.

“आणि पाऊस?” त्यांनी विचारलं.

“पाऊसही आत पडतो. जमीन मधे किंचित फुगीर आहे आणि खाली पाणी जायला भोकं ठेवलीत.”

“एकोणीसशे वर्षं गळतंय?”

“हो आजी.”

काकूंनी अडकित्ता खाली ठेवला. “आणि कुणी शाकारायला नाही आलं?”

हसू आलं, पण त्या प्रश्नात सगळं कोकण होतं. आमच्याकडं घर गळणं ही वास्तुकला नव्हे, अब्रू आहे. मिरगाच्या आधी घर शाकारून झालं नाही तर येणारा-जाणारा ओटीवर न बसता छपराकडं बघून जातो. चाळीस वर्षं वैशाखात कौलं चाळून घेणाऱ्या बाईला ते मंदिर कितीही भव्य असलं तरी आळशीच वाटणार.

शेवटी बेत ठरला तो आठ काचांचा. मुलीच्या मूळ आराखड्यात दोन मोठ्या छपरी खिडक्या होत्या आणि त्यांच्यासाठी चार वासे कापावे लागणार होते. मेस्त्रींनी कागद उलटसुलट करून पाहिला. “ताई, वासा काय कापायचा नाय हां. एक वासा कापला की त्याचं वजन शेजाऱ्यावर, शेजाऱ्याचं पुढच्यावर. मग दहा वर्सांनी तुम्ही मला बोलवणार, आणि मी काय असणार नाय.” त्यांच्या बोलण्यात रागलोभ नव्हता, नुसतं गणित होतं. मुलगीही गुणी, तिनं लॅपटॉप मिटला आणि वासे मोजायला वर गेली. परतून आली ती दुसरंच गणित घेऊन. तिनं सांगितलेलं मला फार आवडलं म्हणून इथं देतो. आभाळ ढगांनी पूर्ण भरलेलं असतं तेव्हा ते सगळीकडं सारखंच करडं दिसत असलं तरी सारखं उजळ नसतं. क्षितिजापेक्षा ऐन माथ्यावर ते तिप्पट उजळ असतं. भिंतीतली खिडकी क्षितिजाजवळचं आभाळ बघते, छपरातली काच माथ्यावरचं. म्हणून आषाढातल्या काळ्या दुपारीसुद्धा हातभर काच जे काम करते ते खिडकीला तेवढ्या जागेत जमत नाही. थोडक्यात, उजेड मागायचा तर वर बघून मागावा. हे आपल्या देवभोळ्या लोकांना विज्ञानाआधी माहीत होतं, फक्त ते काही वेगळंच मागत होते.

पण डेन्मार्कचं औषध रत्नागिरीत जसंच्या तसं चालत नाही. तिकडं सूर्य पाहुण्यासारखा येतो, त्याला आत घेऊन बसवतात. आपल्याकडं तो मेच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन दुपारी नेमका डोक्यावर येऊन उभा राहतो. सावली पायाखाली नाहीशी होते, आणि दक्षिणेच्या पाखेला काच असेल तर माळ्यावर पापड भाजता येतात. यावरचा उपाय मुंबईच्या गिरणगावानं कधीचा करून ठेवला होता. गिरण्यांची ती करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवतात ना? त्या दात्यांच्या उभ्या बाजूंना काचा होत्या आणि त्यांची तोंडं उत्तरेकडं. उत्तरेचा उजेड शांत असतो. त्यात ऊन नसतं, सावल्या कापऱ्या नसतात, धागा तुटलेला लगेच दिसतो. गिरण्या गेल्या, छपरं गेली, त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांमध्ये लोक दिवसा दिवे लावून बसतात. पण उत्तरेचा धडा राहिला. आमच्या आठांतल्या सहा काचा उत्तरेच्या पाखेला गेल्या. उरलेल्या दोन पूर्वेला, पुतण्याच्या हट्टापायी. त्याला सकाळचं ऊन हवं होतं, जरी सकाळी तो कधी उठलेला कुणी पाहिला नव्हता.

काम व्हायच्या आदल्या रात्री मला उगीचच विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आठवत राहिले. हा माणूस गावोगाव पायपीट करत जुन्या वाड्यांच्या अडगळीत, माळ्यांवर, तळघरांत पडलेली दप्तरं धुंडाळत फिरला, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावानं बावीस खंड निघाले. मराठ्यांचा इतिहास एवढी वर्षं टिकला कुठं, तर अंधारात. वाळवी, उंदीर, गळतं छप्पर आणि पुड्या बांधायला कागद हवे असलेला वाणी, यांच्यातून जे वाचलं ते अंधारानंच सांभाळलं. आजही संग्रहालयांत जुना कागद किंवा जुनं कापड मांडायचं तर त्यावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. बाहेर भर उन्हात तोच आकडा एक लाखाच्या आसपास असतो. म्हणजे पैठणीला आणि पोथीला आपण ज्याला उजेड म्हणतो तो जवळजवळ हल्लाच वाटत असणार. माळ्यावरची पोथ्यांची पेटी आणि आजीचं लुगड्यांचं गाठोडं मी त्या रात्रीच खाली आणायला लावलं. आणताना काकू म्हणाल्या, “बघ, उजेड यायच्या आधीच माणसं घर सोडायला लागली.”

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आणि त्यांचा मुलगा छपरावर चढले. खालून नुसते आवाज येत होते. कौलावर कौल सरकल्याचा तो कोरडा, मातीचा आवाज. मग वर एक चौकोनी तुकडा निळा झाला. मग दुसरा. आठव्या काचेनंतर मी शिडीवरून डोकं वर काढलं.

उजेड आला होता आणि तो एखाद्या सरकारी मोजणीदारासारखा कामाला लागला होता. घाई नाही, भीड नाही, एकही वस्तू वगळायची नाही. जिथं मला आजवर ‘सामान’ दिसत असे तिथं एक-एक वस्तू नावानिशी उभी राहिली. आणि सगळ्यात आधी नजर गेली ती वर. मंगलोरी कौलांच्या पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. ते बाहेरून दिसत नाही, फक्त माळ्यावरून दिसू शकतं. आणि माळ्यावर अंधार असल्यामुळं ते आजवर कुणी वाचलंच नव्हतं. आमच्या डोक्यावर सगळं छपरभर अक्षरं होती. बेसल मिशनच्या धर्मोपदेशकांनी १८६५ साली मंगळूरला नेत्रावतीच्या काठची चिकणमाती भाजून ही कौलं काढायला सुरुवात केली. नमुना युरोपातला, जिथं जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्येच एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं होतं. गावच्या कुंभाराची नळीची कौलं हळूहळू मागं पडली आणि गलबतांनी हा लाल माल किनाऱ्याकिनाऱ्यानं वर आणला. तर असा हा आमचा सोवळ्याओवळ्याचा माळा! खाली एवढी वर्षं कडक एकादश्या झाल्या आणि वरून मिशनऱ्यांचं नाव ओळीनं बघत राहिलं. पुतण्यानं एका कौलावरचं साल वाचून घराचं वय जाहीरही करून टाकलं. ते कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे हे मुलीनं त्याला हळूच सांगितलं. पण गावात बातमी गेली ती आधीचीच, आणि आता आमचं घर गावाच्या हिशेबी तीस-चाळीस वर्षांनी वडील झालं आहे.

मग खाली पाहिलं. भांडी होती. तांब्यापितळेची, लग्नांतून आलेली, काळवंडून एकाच रंगाची झालेली. पूर्वेच्या एका काचेतून उन्हाचा तुकडा त्यांतल्या एका घागरीच्या गळ्यावर पडला होता आणि तिथं काहीतरी चमकत होतं. मी ती पदरासारख्या मऊ फडक्यानं पुसली. ठिपके होते. खिळ्याच्या टोकानं एकेक ठोका देऊन उठवलेले ठिपके; जवळ नेलं की नुसते ठिपके, जरा लांब धरलं की अक्षर. बाईचं नाव होतं. त्याच्या खाली गावाचं, आणि पुढं ‘सप्रेम भेट’. नाव वाचता आलं, ओळख पटेना. दुसरी घागर, दुसरं नाव. तपेल्यावर तिसरं. परातीच्या काठावर चौथं, अर्धं घासून गेलेलं.

आमच्या घराचा वंशवृक्ष ओटीवर फ्रेम करून लावला आहे. त्यावर एकाही बाईचं नाव नाही. सातबारावर अलीकडं काही नावं चढली, तीही वारसनोंदीला तलाठ्यानं आग्रह धरला म्हणून. लग्नात सासरी आलेल्या मुलीचं नाव बदलायचं, म्हणजे आणलेलं नावही बहुधा उंबऱ्याबाहेर राहायचं. त्या सगळ्या जणी इथं होत्या. माळ्यावर, पालथ्या, एकमेकींत बसवलेल्या, ठिपक्याठिपक्यांनी. अंधारानं त्यांना लपवलं होतं म्हणावं तर त्यानंच त्यांना मोडीच्या दुकानापासून वाचवलंही होतं. उजेडात असत्या तर कुणीतरी कधीच त्यांचे स्टीलचे डबे करून आणले असते.

काकूंना खालूनच हाका मारून मी नावं वाचून दाखवू लागलो. त्यांना गुडघ्यांमुळं शिडी चढवत नाही. त्या माजघरात खांबाला टेकून बसल्या आणि वरून येणाऱ्या एकेका नावाला जबाब देऊ लागल्या. “ती माझ्या सासूबाईंची मावळण. कुरकुरी होती, पण हाताला चव.” “ती? ती बाळंतपणात गेली. दोन वर्षं होती घरात.” “तिचं नाही ठाऊक. थांब. नाही, नाहीच ठाऊक.” एका नावाशी त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते माझं. माहेरचं. ठेव तिथंच.”

त्यांना त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. मी कळशी तिथंच ठेवली, फक्त अक्षरं उजेडाच्या बाजूला केली.

माळ्याचं पुढं काय करायचं यावर घरात अजून एकमत नाही. पुतण्याचं टेबल गेलं आहे वर, पण त्याला नेटवर्क येत नाही. दुपारी अकरानंतर तिथं पंखा लागतो आणि पंख्याला उंची पुरत नाही. दक्षिणेकडचा कोपरा आम्ही कुणी न ठरवता तसाच अंधारा राहू दिला; पाळणा, काठी आणि ती निखळलेली आरामखुर्ची आपापल्या सोयीनं तिकडं सरकली आहेत. आठांतल्या दोन काचांखालची जागा पहिल्याच पावसात ठिपकली, कारण काचेच्या कौलाची खाच मातीच्या कौलात अगदी केसाएवढी सैल बसते. मेस्त्रींनी येऊन डांबराची पट्टी मारली आणि काकूंकडं बघून म्हणाले, “आता नाय गळायचं आजी.” काकू म्हणाल्या, “नाहीतर रोमला पत्र टाकू.”

माझं मत कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. आठ काचा जास्त झाल्या, चार पुरत्या. तुमच्या घराला माळा असेल आणि शाकारायला माणसं येणारच असतील, तर उत्तरेच्या पाखेला तीन-चार काचेची कौलं बसवून घ्या. काचेचीच घ्या, प्लास्टिकची मिळतात, ती चार उन्हाळ्यांत पिवळी पडून ठिसूळ होतात. पोथ्या आणि रेशीम आधी खाली आणा. भांडी मात्र वरच पुसा, आणि घरातलं वडीलधारं माणूस ओळख पटवायला आहे तोवर पुसा. आणि एक काच जादा आणून गोठ्यात ठेवा. वानरांना मातीचं कौल आणि काचेचं कौल यांतला फरक कळत नाही.